येनाच्या नाक्यावर शैला मेश्राम

येना शहराच्या टोकाला, जिथं ट्रामची धाव संपत येते आणि गोदामं, गॅरेजं सुरू होतात, तिथं कस्टमचं एक बसकं ऑफिस आहे. जर्मन लोक त्याला त्सोलाम्ट म्हणतात. परदेशातून आलेलं जे पार्सल वाटेत अडतं, ते इथल्या फळीवर येऊन पडतं आणि ज्याचं असेल त्याला ते न्यायला जातीनं यावं लागतं. खिडकीपाशी उभं राहायचं, आपल्याच हातानं खोकं उघडायचं, आत काय आहे ते दाखवायचं, बिल पुढं करायचं आणि जो कर बसेल तो भरून घरी जायचं. खिडकीच्या आत बसते तिचं नाव शैला मेश्राम.

शैला अमरावतीची. तिचे वडील राजाभाऊ शहराच्या वेशीवरच्या जकात नाक्यावर कारकून होते. ट्रक थांबवायचा, मालाचे कागद बघायचे, पावती फाडायची, दांडा वर करायचा, यात त्यांची सगळी नोकरी गेली. शिव्याही खाल्ल्या. जकात चुकवायला व्यापारी नाल्याकाठच्या कच्च्या रस्त्यानं बैलगाडीतून माल आणत, तेव्हा राजाभाऊ सायकल घेऊन तिकडं जाऊन उभे राहत. जकात बंद झाली, नाके मोडले, राजाभाऊही गेले. शैलाला येनात ही नोकरी लागली तेव्हा धाकट्या भावाचा अमरावतीहून फोन आला, "म्हणजे ताई, तू तर बाबाच्याच खुर्चीत जाऊन बसली की!" शैला हसली, पण तिथवर ती काही सरळ रस्त्यानं पोचली नव्हती.

ती येनात आली ती दादारावांची बायको म्हणून. दादाराव एका कंपनीत भिंगांवर संशोधन करायला आले होते. सकाळी प्रयोगशाळेत शिरत ते संध्याकाळीच उगवत, आणि शैला चौथ्या मजल्यावरच्या घरातून समोरच्या डोंगराकडं बघत बसे. जर्मन भाषेतले तिला येणारे शब्द म्हणजे धन्यवाद, माफ करा आणि बटाटा. एम.कॉम. झालेली बाई, पण दुकानात दूध मागायला जीभ उचलत नव्हती.

पहिल्याच हिवाळ्यात, क्षमा पोटात असताना, वाग्नरगासे नावाच्या जुन्या गल्लीतून जाताना तिला एका काचेआड लोकरीचे गुंडे दिसले. हळदी, विटकरी, गर्द निळे. अमरावतीला तिची आई स्वेटर विणायची, त्यामुळं दोन सुलट दोन उलट इतकं तिच्या हातात होतं. ती आत गेली. दुकानाची मालकीण फ्राउ लिंडनर, म्हणजे लिंडनरबाई, उंच, हाडकुळी, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. शैलानं बोट दाखवून लोकर मागितली आणि सुया हातात घेऊन सवयीनं टाके घालायला लागली. फ्राउ लिंडनर चष्मा डोळ्यांवर चढवून बघत राहिल्या. जर्मन बायका धागा डाव्या हातावर धरतात, शैला उजव्या हातानं टाकत होती. त्यांनी शैलाला स्टुलावर बसवलं, कॉफी दिली आणि टाक्याला, सुईला, घडीला जर्मनमध्ये काय म्हणतात ते एकेक सांगायला सुरुवात केली. शैलाची भाषा तिथून सुरू झाली. त्यामुळं पुढं कितीतरी दिवस तिला गळ्याच्या पट्टीला शब्द माहीत होता आणि डॉक्टरच्या अपॉइंटमेंटला नव्हता.

फ्राउ लिंडनर जवळच्या आपोल्डा गावच्या. पूर्व जर्मनी होता तोवर त्या तिथल्या विणमालाच्या कारखान्यात होत्या. भिंत पडली, दोन देशांचा एक झाला आणि कारखाना बंद पडला. तेव्हा साठवलेला पैसा घालून त्यांनी येनात हे दुकान काढलं. क्षमा बालवाडीत जायला लागली तशी शैला दुपारची त्यांच्या दुकानात काम करू लागली. फ्राउ लिंडनर तिला "तू" म्हणू लागल्या आणि मलाही तू म्हण म्हणाल्या. पण आपल्यापेक्षा एवढ्या मोठ्या बाईला अगं-तुगं करणं शैलाच्या जिभेला जमेना. "तुम्ही मला तू म्हणा, मी तुम्हाला तुम्हीच म्हणते," असं तिनं सांगून टाकलं. फ्राउ लिंडनरना हे फार विचित्र वाटलं, पण त्यांनी मान्य केलं.

बरीच वर्षं बरी गेली. मग गिऱ्हाइकांची तऱ्हा बदलली.

एके दिवशी एक तरुण मुलगी आली. बाळासाठी अंगरखा विणायचा होता. शैलानं तिला तासभर लोकर दाखवली. ही टोचते, ही धुतल्यावर आटते, ही बाळाच्या अंगाला चांगली. मुलीनं गालाला लावून पाहिली, रंग पसंत केला, लेबलाचा फोटो काढला आणि दाराशी उभी राहूनच फोनवर बोटं फिरवली. "हीच लोकर नेटवर बाहेरच्या देशातून निम्म्या किमतीत येतेय," ती निरागसपणे म्हणाली आणि शैलाचे आभार मानून गेली.

शैला चिडून फ्राउ लिंडनरकडं वळली. "बघितलंत? सगळं इथं विचारलं आणि..."

"ती काही बेकायदा करत नाहीये," फ्राउ लिंडनर म्हणाल्या. "स्वस्त मिळालं तर कोण घेणार नाही? माझा राग तिच्यावर नाही. मी एक गुंडा विकला की त्यावर एकोणीस टक्के कर सरकारचा. तो दिल्याशिवाय मी दुकानाचं कुलूपसुद्धा उघडू शकत नाही. तिकडून पाकीट येतं, त्यावर किंमत कमी लिहिलेली असते, आणि ते कर न देता सरळ तिच्या घरी जातं. शर्यत लावायची तर लावा. पण माझ्या पायाला दगड बांधायचा आणि त्याच्या नाही, असं कसं?"

त्या काळी बाहेरून येणाऱ्या बारीकसारीक पार्सलांना करमाफी होती. एवढ्याशा रकमेसाठी कोण माणूस बसवणार, असा हिशेब. त्या फटीतून पाकिटांचा पूर यायचा. शैलाला बापाचा नाल्याकाठचा कच्चा रस्ता आठवला. तिनं फ्राउ लिंडनरना ती गोष्ट सांगितली. त्या खूप हसल्या. म्हणाल्या, "मग या नाल्यावर सायकल घेऊन कुणी का उभं राहत नाही?"

दुकान काही एका दिवसात बुडलं नाही. आधी महागाची लोकर मागवणं थांबलं, मग शनिवारचे विणकामाचे वर्ग बंद झाले, मग भाडं वाढलं. नेटवरच्या खरेदीनंच दुकान बुडवलं असं फ्राउ लिंडनर स्वतःही म्हणायच्या नाहीत. गुडघे दुखायला लागले होते, मुलगा दूर ब्रेमेनला होता. पण शेवटच्या दिवशी फळ्या पुसताना त्या शैलाला म्हणाल्या, "तुझ्याकडं आता जर्मन पासपोर्ट आहे. कस्टमवाले माणसं शोधतायत. तू अर्ज कर."

"मी? आणि सरकारी नोकरी? या वयात?"

"तू हिशेब शिकलीस. भाषा येते. आणि तुझ्या वडिलांचा धंदाच तो. तू तिथं जाऊन बस."

शैलानं अर्ज केला. मुलाखतीत साहेबानं विचारलं, लोक चिडतात, ओरडतात, जमेल का? ती म्हणाली, माझ्या वडिलांना लोक चाबूक दाखवायचे. साहेबाला काही कळलं नाही, पण नोकरी मिळाली. ती कामात रुळते न रुळते तोच कायदा बदलला. छोट्या पार्सलांची करमाफी गेली. आता बाहेरून काहीही मागवा, कर द्यायचाच. मोठ्या कंपन्यांनी तो विकतानाच किमतीत धरून परस्पर भरायचा, आणि ज्यांनी भरला नाही त्यांच्या गिऱ्हाइकानं माल घेताना भरायचा.

शैलाला वाटलं, न्याय झाला. वाग्नरगासेतल्या त्या जागेत तोवर बबल-टीचं दुकान आलं होतं.

खिडकीवरचे दिवस एकसारखे नसतात. कुणी रडतं, कुणी कायद्याची कलमं ऐकवतं. एका म्हाताऱ्यानं पार्सल उघडलं तर आत त्याच्या बायकोनं त्याच्याच वाढदिवसाला गुपचूप मागवलेलं घड्याळ निघालं, आणि तो बिचारा खजील होऊन म्हणाला, आता मी घरी काय सांगू? शैला कुणावर आवाज चढवत नाही. बिल बघते, आकडा सांगते आणि "सुरी जपून वापरा" म्हणते.

आपल्या माणसांचं मात्र वेगळं असतं. हरीश दादारावांच्याच कंपनीत, क्षमाच्या बारशाला पेढे वाटणारा. त्याला आकाश बघायचा नाद. त्यानं पूर्वेकडच्या कुठल्याशा दुकानातून दुर्बिणीचा एक भाग मागवला. विकणाऱ्यानं खोक्यावर "भेटवस्तू" असं लिहिलं होतं.

"जय भीम वहिनी! बरं झालं तुम्हीच आहात," हरीश खिडकीशी येऊन म्हणाला. "गिफ्ट आहे हो."

"जय भीम. कुणी दिलं भावजी?"

हरीश हसला. शैलाही हसली. मग तिनं बिल मागितलं आणि एकोणीस टक्के लावले. हरीशनं कार्ड पुढं केलं, पैसे भरले आणि निरोप न घेता गेला.

एप्रिलमध्ये येनातली मराठी मंडळी बाबासाहेबांची जयंती साजरी करतात. हॉल भाड्यानं घेतात, वंदना होते, पोरं जर्मन हेलात मराठी भाषणं करतात आणि मग जेवण. शैलानं बेसनाच्या पाटोडीचा रस्सा केला होता. ताट घेऊन हरीश समोर येऊन बसला. त्याच्या मनात होतंच.

"वहिनी, राग नाही माझा. पण एक सांगा. इंटरनेटवर माणूस चार पैसे वाचवतो, तिथंही सरकारनं हात घालायलाच पाहिजे का?"

"पगारावरचा भरता तेव्हा नाही विचारत," दादाराव मध्येच म्हणाले.

"तो आपोआप जातो, म्हणून दुखत नाही."

शैलानं त्याला फ्राउ लिंडनरच्या दुकानाची गोष्ट सांगितली. फळ्या पुसण्यापर्यंतची. आजूबाजूचे दोन-चार जण जेवता जेवता ऐकायला लागले. "भावजी, तुम्ही रोज येता ती ट्राम, तुमच्या पोराची शाळा, हे सगळं त्या दुकानातल्या गुंड्या-गुंड्यावर चालतं. ते दुकान कर देणार आणि तुमचं पार्सल नाही, तर एक दिवस दुकान जातं. मग कर द्यायला उरतं कोण?"

हरीशनं रस्सा ओरपला. मग म्हणाला, "गेनाऊ, अगदी बरोबर. हे पटलं. घ्या कर. पण मला अर्धी रजा टाकायला लावून, खोकं फाडायला लावून कशाला? ज्यानं विकलं त्याच्याकडून घ्या ना. तो मोठा असतो तो सगळं व्यवस्थित करतो, माझा विकणारा बारका, त्याला जमत नाही, आणि उन्हात उभा मी."

"हे तुमचं बरोबर आहे," शैला म्हणाली आणि त्याच्या ताटात आणखी एक वडी टाकली. घरी जाताना ट्राममध्येही ती तेच घोळवत होती.

त्याच वर्षी पानगळ सुरू झाली तेव्हा एके सकाळी खिडकीसमोर काठी टेकत एक उंच, हाडकुळी बाई आली. गळ्यात दोरीचा चष्मा.

"फ्राउ लिंडनर!" शैला उठूनच उभी राहिली. मधल्या काळात दोघींच्या भेटी होत, पण अलीकडं गुडघ्यांमुळं त्या फारशा बाहेर पडत नसत. "फोन नाही का करायचा? मी घरी आले असते."

"पोस्टानं चिठ्ठी टाकली, स्वतः या म्हणून. आले." त्यांनी चिठ्ठी सरकवली. आवाज थोडा ओशाळलेला होता.

खोकं शेटलंडहून आलं होतं. स्कॉटलंडच्याही वर, समुद्रातली ती बेटं. ब्रिटननं युरोपची संगत सोडल्यापासून तिकडची पार्सलं अडतात. फ्राउ लिंडनरनी सुरीनं टेप कापली. आत लोकर होती, मेंढीच्या अंगावरच्याच रंगांची, करडी, तपकिरी, सायीसारखी. खोलीत मेंढीचा आणि गवताचा वास पसरला. दोघींनी एकदमच हात पुढं केला, आणि शैलानं आपला मागं घेतला.

"स्वतः मेंढ्या पाळते ती बाई," फ्राउ लिंडनर म्हणाल्या. "दुकान नाही, काही नाही. मी दुकानात होते तेव्हापासून ही लोकर हवी होती, परवडायची नाही. म्हटलं, आता एकदा मरायच्या आधी शाल करावी." बिल त्यांनी नीट घडी घालून आणलं होतं. मेंढीवालीनं पै न् पै खरी लिहिली होती, टपालखर्चासकट.

शेजारच्या टेबलावर सहकारी बसला होता. याचं काम तू कर, असं शैला त्याला सांगू शकली असती. क्षणभर तिच्या मनात आलंही. पण त्यामुळं आकडा बदलणार नव्हता, फक्त तो सांगणारं तोंड दुसरं झालं असतं. तिनं आकडा काढला आणि सांगितला.

फ्राउ लिंडनरनी बिल पुन्हा आपल्याकडं ओढलं. "मी? मी भरायचा?"

"हो."

"वर्षानुवर्षं मी भरला. आता दुकान नाही, तरी मीच?"

"तेव्हा तुम्ही गिऱ्हाइकाकडून घेऊन भरत होतात, फ्राउ लिंडनर. आज गिऱ्हाईक तुम्ही आहात."

हे वाक्य तोंडातून गेलं आणि शैलाला कळलं की ते खरं असलं तरी इथं बोलायचं नव्हतं. फ्राउ लिंडनरनी पैसे काढून ठेवले. पावती घेतली. खोकं काखेत मारलं. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या म्हणाल्या, "आभारी आहे, फ्राउ मेश्राम. तुम्ही तुमचं काम चोख करता."

दार लोटून त्या गेल्या. मदतीला बाहेर जावं तर खिडकीपुढं रांग होती.

त्यानंतर त्यांनी फोन उचलला नाही. एकदा नाही, दोनदा नाही. शैला घरात भांड्यांचा आवाज जरा जास्त करू लागली. दादारावांनी शेवटी विचारलं, "तुझं चुकलं असं वाटतं का तुला?"

"नाही."

"मग?"

"अहो, चूक नसली तरी माणूस दुखावतंच ना."

दादारावांनी सगळी भांडी स्वतः पुसून जागेवर लावली.

त्या शनिवार-रविवारी क्षमा हॅम्बर्गहून आली. ती तिथं शिकते. आईशी मराठी समजून जर्मनमध्ये बोलते, तेही सोफ्यावर आडवी पडून, फोन बघत. फोनवर कपडे होते, एकाखाली एक, न संपणारे, चहाच्या किमतीत झगे.

"हे सगळं बाहेरून येतं ना?" शैलानं विचारलं. "मग तुझं पार्सल कधी अडत कसं नाही?"

"आख, ममा, कर यातच धरलेला असतो," क्षमा जर्मनमध्ये म्हणाली आणि फोन पुढं केला. "हे बघ. मी बटण दाबलं की तुमचे पैसे तुम्हाला. कुणाला कुठं जायला नको."

शैलाला हे माहीत होतं. रोज तेच काम ती करत होती. पण लेकीच्या बोटाखाली ते बघताना हरीशचं जेवतानाचं बोलणं तिला नव्यानं कळलं. ज्यांच्याकडं माणसं आहेत, यंत्रं आहेत, त्यांची पार्सलं गुपचूप निघून जातात. आणि चार मेंढ्यांवाली एक बाई खरं बिल लिहून पाठवते, तर तिचीच लोकर खिडकीवर येऊन पडते. कर चुकीचा नव्हता. पण कायदा करणाऱ्यांनी मोठ्यासाठी रुंद दार ठेवलं होतं आणि लहानाला खिडकीतून बोलावलं होतं.

सोमवारी कामावरून परस्पर ती फ्राउ लिंडनरच्या घरी गेली. डब्यात थोड्या सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या, घेतल्या होत्या. बेल वाजवली. बराच वेळ काठीचा आवाज येत राहिला, मग दार उघडलं.

"ये," त्या म्हणाल्या. बस, एवढंच. पण "तू" म्हणाल्या.

स्वयंपाकघरात टेबलावर करडी लोकर गुंडाळलेली होती, पण सुयांवर एकही टाका नव्हता.

"विणायला घेतली नाही?"

"घेववली नाही." फ्राउ लिंडनरनी वडी उचलली, वास घेतला, खाल्ली. "शैला, मला पैशाचं वाईट वाटलं नाही. तुझंही नाही. तू सोडलं असतंस तर मी तुला दोन शब्द सुनावलेच असते. मला वाईट वाटलं ते दुसऱ्याचंच. मी इतकी वर्षं म्हणत होते, यांच्याकडून कर घ्या, घ्या. माझं दुकान होतं तेव्हा कुणी ऐकलं नाही. दुकान गेल्यावर कायदा आला. आणि त्या कायद्यानं पहिलं कुणाला धरलं, तर मला." त्या हसल्या, पण डोळे ओले होते. "मी नेटवरून मागवलं याचीही लाज वाटली. ज्या मुलीला मी नावं ठेवली नाहीत, तिला मनातल्या मनात किती ठेवली होती, ते त्या दिवशी कळलं."

शैला म्हणाली, "मी खिडकीवर तसं बोलायला नको होतं."

"खरं होतं ते."

"खरं होतं. पण तुम्ही पैसे दिल्यावर म्हणता आलं असतं."

या वेळी फ्राउ लिंडनर मनापासून हसल्या.

कॉफी झाली. निघताना शैलाला एकाएकी विचारावंसं वाटलं, "मेंढीवालीची लोकर इकडं कुणी दुकानदार घाऊक आणत नाही का? एकदा सीमेवर कर भरला की सुटलं. मग तुम्हाला माझ्या खिडकीवर यायलाच नको."

"वायमारमध्ये एक आहे म्हणे. कुणीतरी तरुण पोरगी."

"म्हणे? तुम्ही गेला नाहीत?"

फ्राउ लिंडनरनी मान फिरवली. आपलं दुकान मिटल्यापासून त्या दुसऱ्या कुणाच्या लोकरीच्या दुकानात पाऊल टाकत नव्हत्या. रस्त्यात काच दिसली तरी पलीकडच्या बाजूनं जात. हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, आणि आजही सांगितलं नाही. पण शैलानं ओळखलं.

"शनिवारी मी रिकामी आहे," ती म्हणाली. "आगगाडीनं कितीसं लांब आहे वायमार?"

शनिवारी फ्राउ लिंडनर नटून आल्या, मोत्यांची माळ घालून, जणू मुलाखतीला निघाल्यात. दुकान एका चौकाच्या मागं होतं. लहानसं, उबदार. मालकीण योहाना, केस आखूड कापलेले, बाह्या वर सारलेल्या. फ्राउ लिंडनर दारातच थांबल्या. शैलानं त्यांना ओढलं नाही, नुसतं दार धरून ठेवलं. पाठीमागून गारठा आत शिरत होता, तेव्हा त्या पुढं झाल्या.

पहिल्यांदा त्यांनी फळ्या पाहिल्या आणि भुवया चढवल्या. मग शैलाच्या कानात म्हणाल्या, "उन्हाच्या बाजूला निळी लोकर ठेवलीय. रंग उडेल." शेवटी राहवेना, तेव्हा तेच त्यांनी योहानाला मोठ्यानं सांगितलं. योहाना चिडली नाही. उलट गुंडे उचलून जागा बदलायलाच लागली. "अजून काय दिसतंय तुम्हाला?" तिनं विचारलं. तेवढं विचारायचा अवकाश. फ्राउ लिंडनर दुकानभर काठी टेकत फिरल्या. ही सुयांची पेटी खाली हवी, ही लोकर वजनावर नको, लांबीवर विका. योहाना मध्येच वादही घालत होती, आणि एका बाबतीत फ्राउ लिंडनरना माघार घ्यावी लागली. हल्ली लोक नमुने फोनवरच बघतात, छापील पुस्तकांचा गठ्ठा कुणी घेत नाही. त्यांना ते आवडलं नाही.

शेटलंडची लोकर तिच्याकडं थोडी होती, अजून मागवू शकत होती. किंमत पार्सल आणि कर मिळून झाली होती त्याहून किंचित जास्तच पडत होती. शैलाला वाटलं, आता या परत फिरणार. पण फ्राउ लिंडनरनी एक गुंडा हातात घेतला, गालाला लावला आणि म्हणाल्या, "हा हवा. आहे ती लोकर शालीच्या पदराला कमी पडेल." पावती त्यांनी चष्मा चढवून वाचली. तळाशी एकोणीस टक्क्यांची ओळ होती. त्यावर बोट ठेवून योहानाला म्हणाल्या, "हा भरणं कधी चुकवू नकोस. आणि तुझ्या गिऱ्हाइकांना फोटो काढू दे. त्यांना काही बोलू नकोस. फक्त खुर्ची दे बसायला. बसलेलं माणूस लवकर उठत नाही."

योहानानं विचारलं, "तुम्ही गुरुवारी याल का? बायका येतात विणायला. मला पदराचा जाळीकाठ नीट शिकवता येत नाही."

"गुडघे," फ्राउ लिंडनर म्हणाल्या.

"स्टेशनवर मी गाडी घेऊन येईन."

परतीच्या गाडीत फ्राउ लिंडनरनी पिशवीतून सुया काढल्या आणि पहिले टाके घातले. खिडकीबाहेर शेतं तपकिरी झाली होती. शैला त्यांच्या शेजारी पेंगत बसली होती.

पुढच्या महिन्यात शैलानं तिच्या साहेबाकडं एक मागणी केली. आपल्या खिडकीपुढं बसायला एक बाकडं असावं. कर भरायला येणारे बहुतेक वयस्क असतात, रांगेत ताटकळतात. साहेब म्हणाला, जागा कुठं आहे? मग तीच पार्सलांची एक फळी रिकामी करून दाखवायला लागली. बाकडं यायला हिवाळा उलटला, पण आलं. हल्ली वरच्या पातळीवर पुन्हा नव्या करांची, नव्या मर्यादांची चर्चा चालते, वर्तमानपत्रांत येते. कुणी विचारलं तर शैला म्हणते, "कर घ्यावाच, ज्यानं विकलं त्याच्याकडून घ्यावा, आणि लहानाला सोपं करून द्यावं." एवढं बोलून ती पुढच्या माणसाला बोलावते.

फ्राउ लिंडनर गुरुवारी वायमारला जाऊ लागल्या. सगळ्याच गुरुवारी नाही, गुडघे धड असतील त्या गुरुवारी. योहाना आणि त्या भांडतातही, मुख्यतः छापील पुस्तकांवरून. शाल वसंतात पुरी झाली. त्यांनी ती स्वतःच पांघरली, आणि जयंतीच्या जेवणाला दादारावांनी बोलावलं तेव्हा पांघरूनच आल्या. हॉलमधल्या बायकांनी त्यांना घेरलं. एकीनं जाळीकाठ बघून विचारलं, ही कुठं मिळते हो, नेटवर?

"नेटवरही मिळते," फ्राउ लिंडनर म्हणाल्या. "पण बसा आधी. मी दाखवते कशी करायची."